पट्टकादंब हिमालय कसा ओलांडतो? जेसिका मीर यांच्या संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका मालगुजारी तलावाच्या पाळीवर मी शाळेतल्या मुलांना पक्षी दाखवायला नेते. पट्टकादंबांचा थवा दिसला की मुलं दुर्बीण सोडत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आलेली मोठी माणसं प्रश्न विचारायचं थांबत नाहीत. बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: पाण्यात शांत बसलेला हा जाडसर पक्षी हिमालय पार करून येतो, म्हणजे नेमकं काय करतो? गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी याची बरीच खरी उत्तरं मिळवली आहेत. त्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम जेसिका मीर यांचं आहे. लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पट्टकादंब म्हणजे नेमका कोणता पक्षी? हंस की बदक?

शरीराने बदकापेक्षा मोठा, मान लांब, रंग फिकट राखाडी, पाय आणि चोच पिवळसर-केशरी. ओळखायची खूण म्हणजे पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला असलेले दोन काळे पट्टे. नाव त्यावरूनच पडलं. वजन साधारण दोन ते तीन किलो. बरेच लोक त्याला राजहंस म्हणतात, काही जण नुसतं ‘मोठं बदक’. इंग्रजीत ज्याला गूज म्हणतात त्या गटातला हा पक्षी आहे, आणि आपल्या रोजच्या मराठीत या गटासाठी एक पक्का शब्द नाही, म्हणून हा गोंधळ होतो. मी पट्टकादंब हेच नाव वापरते.

त्याची वीण होते तिबेटच्या पठारावर, मंगोलियात आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी. आपला लडाखही त्यात येतो. हिवाळा तो भारतीय उपखंडात काढतो. या दोन घरांच्या मध्ये हिमालय उभा आहे.

तो खरंच एव्हरेस्टवरून उडतो का?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो, आणि उत्तर ऐकून मुलांचा चेहरा थोडा पडतो. या गोष्टीचं मूळ गिर्यारोहकांच्या आठवणींत आहे. १९५४ च्या मकालू मोहिमेत अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वॉन यांनी बरुण हिमनदीवर एका थंड, स्तब्ध रात्री डोक्यावरून जाणाऱ्या या पक्ष्यांचा आवाज ऐकला. दिसलं काहीच नाही, फक्त आवाज. पुढे त्यांनी त्यावर लिहिलं, आणि पट्टकादंब सर्वोच्च शिखरांवरून उडतो ही कल्पना जगभर पसरली.

उपग्रहाशी जोडलेली यंत्रं पक्ष्यांच्या अंगावर बसवल्यावर चित्र स्पष्ट झालं. ल्युसी हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नोंदींत सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर मिळाली. बहुतेक सगळं उड्डाण साडेपाच हजार मीटरच्या खालीच होतं. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. म्हणजे हे पक्षी शिखरावरून जात नाहीत, खिंडी आणि दऱ्या धरून जातात.

मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. तिथे माणूस धापा टाकत चालतो, आणि हा पक्षी पंख मारत उडतो.

उंचीवर ऑक्सिजन कमी असतो म्हणजे काय? हवेत तो सगळीकडे २१ टक्केच असतो ना?

बरोबर, टक्केवारी बदलत नाही. बदलतो तो हवेचा दाब. वर जावं तशी हवा विरळ होते, एका श्वासात येणारे ऑक्सिजनचे कण कमी होतात, आणि फुप्फुसातून रक्तात त्यांना ढकलणारा जोर घटतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो.

एक उदाहरण मुलांना पटतं. अंतराळवीर यानाबाहेर पडताना जो पोशाख घालतात, त्याच्या आत दाब समुद्रसपाटीच्या तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्टवरच्याहूनही थोडा कमी असतो. तरी अंतराळवीराचा श्वास कोंडत नाही, कारण पोशाखात साधी हवा नसते, शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो. पट्टकादंबाला ही सोय नाही. त्याला मिळेल त्या विरळ हवेतूनच भागवायचं असतं. शिवाय विरळ हवा पंखांना आधारही कमी देते. म्हणजे इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी श्रम वाढतात.

जेसिका मीर कोण आहेत? त्या अंतराळवीर आहेत ना?

हो, आणि प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञही. दोन्ही आहेत. अनेकांना त्यांचं नाव १८ ऑक्टोबर २०१९ मुळे माहीत आहे. त्या दिवशी क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर पडल्या, आणि फक्त स्त्रियांनी केलेला तो पहिला स्पेसवॉक ठरला. पण त्याआधीची त्यांची सगळी घडण प्राण्यांच्या शरीरक्रियेच्या अभ्यासात झाली. जन्म १९७७ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. ब्राऊन विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी, मग अवकाश अभ्यासात मास्टर्स, काही वर्षं जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये अंतराळवीरांच्या शरीरावरच्या प्रयोगांचं काम, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतून, पेंग्विन आणि सील यांचा अभ्यास करून, २००९ मध्ये पीएच.डी. पट्टकादंबांवरचं काम त्यांनी पुढे कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम मिल्सम यांच्या प्रयोगशाळेत केलं. २०१३ मध्ये नासाने त्यांची निवड केली.

या संशोधनाचा लेख प्रसिद्ध झाला ३ सप्टेंबर २०१९ रोजी, आणि २५ सप्टेंबरला त्या बैकानूरहून अंतराळात गेल्या. लेख छापून आल्यावर त्याची पहिली लेखिका सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीबाहेर होती, हे मुलींना सांगताना मला दरवेळी भरून येतं.

पेंग्विन आणि सील यांच्यापासून पट्टकादंबापर्यंत त्या कशा आल्या? हे तर अगदी वेगळे प्राणी आहेत.

प्राणी वेगळे, प्रश्न एकच. ऑक्सिजन तुटपुंजा असताना शरीर तो पुरवून कसा वापरतं?

पीएच.डी.साठी मीर यांनी अंटार्क्टिकात मॅकमर्डो साउंड इथे सम्राट पेंग्विनांचा अभ्यास केला. गोठलेल्या समुद्रात एक भोक पाडलेलं, आसपास दुसरं भोक नाही, त्यामुळे बुडी मारलेला पेंग्विन श्वास घ्यायला तिथेच परत येणार. त्याच्या अंगावर हृदयाचे ठोके आणि खोली मोजणारी उपकरणं. विश्रांतीत या पक्ष्याचं हृदय मिनिटाला सुमारे ७३ ठोके टाकतं. एका पेंग्विनाने १८ मिनिटांची बुडी मारली, आणि तिच्यात त्याचं हृदय मिनिटाला सहा ठोक्यांपर्यंत खाली आलं होतं. मिनिटाला सहा! म्हणजे दहा सेकंदांतून एकदा.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एलिफंट सीलमध्ये त्यांच्या गटाने बुडीदरम्यान रक्तातला ऑक्सिजनच मोजला. तो इतका खाली जायचा की त्या पातळीला माणूस शुद्ध हरपून बसेल. सील मात्र पोहत राहायचा.

पेंग्विनाच्या रक्ताचा अभ्यास करताना एक जुळणारी गोष्ट समोर आली. त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं घट्ट धरतं, तितकंच जवळजवळ पट्टकादंबाचंही धरतं. एक बर्फाखाली जातो, दुसरा बर्फावरून, आणि दोघांच्या रक्तात सारखी सोय. पण फरकही मोठा आहे. बुडी मारणारा प्राणी हृदय मंद करून शरीराचा बराच भाग जणू बंद ठेवतो. उडणाऱ्याला ते परवडणारं नाही. छातीचे स्नायू चालू राहिले पाहिजेत, नाहीतर तो खाली पडेल. मग उडणारा काटकसर करतो ती कुठे?

पक्ष्यांना त्यांनी स्वतः वाढवलं हे खरं का? त्याची गरज काय होती?

खरं आहे, आणि माझ्या मते या संशोधनाचा गाभाच इथे आहे.

विचार करा, उडणाऱ्या पक्ष्याने किती ऑक्सिजन वापरला हे मोजायचं तर त्याच्या चोचीवर मास्क हवा, पाठीवर नोंदी घेणारं यंत्र हवं, रक्तवाहिनीत बारीक तार हवी, आणि हे सगळं घेऊन त्याने आपणहून उडायला हवं. रानातून पकडून आणलेला पक्षी असं कधीच उडणार नाही. तो घाबरेल, आणि घाबरलेल्या शरीराचे आकडे म्हणजे भीतीचे आकडे. हृदय धडधडतंय ते उडण्यामुळे की माणसामुळे, कसं सांगणार?

यावरचा उपाय पक्ष्यांच्याच स्वभावात होता. या गटातली पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीला ज्या हलत्या जिवाला पाहतात, त्याला आई मानून त्याच्या मागे चालू लागतात. याला इम्प्रिंटिंग म्हणतात. कॉनराड लोरेन्झ यांनी ग्रेलॅग हंसांच्या पिल्लांवर केलेल्या कामामुळे ते जगाला ठाऊक झालं, आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते होते. पट्टकादंब हा ग्रेलॅगचा जवळचा भाऊबंद.

तर २०१० मध्ये मीर नॉर्थ कॅरोलायनातल्या सिल्व्हन हाइट्स पक्षी उद्यानात जाऊन राहिल्या. पिल्लं अंड्यातून बाहेर आली तेव्हा समोर त्या होत्या. पुढचे दिवस त्या त्यांच्याबरोबर चालल्या, बसल्या, दुपारच्या झोपाही एकत्र झाल्या. पंख फुटल्यावर त्यांनी सायकल घेतली आणि पिल्लं शेजारून उडू लागली. ती वेगवान झाल्यावर सायकल पुरेना, मग स्कूटर आली. पंखाचं टोक जवळजवळ खांद्याला लागेल इतक्या जवळून ती उडायची. त्यानंतर त्यांना व्हँकुव्हरला नेऊन विंड टनेलमध्ये, म्हणजे समोरून ठरावीक वेगाने वारा सोडणाऱ्या मोठ्या बोगद्यात, जागच्या जागी उडायला शिकवलं.

हे सगळं लेखातल्या एका ओळीत मावतं: पक्षी वाढवले आणि शिकवले. पण त्या एका ओळीमागे किती पहाटा गेल्या असतील, हे ज्यांनी घरात कोंबडीची पिल्लं वाढवली आहेत त्यांना तरी कळेल.

विंड टनेलमध्ये नेमकं काय मोजलं?

मास्कमधून पक्ष्याला तीन प्रकारची हवा दिली गेली. पहिली नेहमीची, २१ टक्के ऑक्सिजनची. दुसरी १०.५ टक्क्यांची, म्हणजे साधारण साडेपाच हजार मीटरवर जितका ऑक्सिजन मिळेल तितकी. तिसरी फक्त सात टक्क्यांची, साधारण नऊ हजार मीटरच्या तोडीची. प्रत्येक वेळी पक्षी किती ऑक्सिजन वापरतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हृदयाचे ठोके किती, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब किती आणि रक्ताचं तापमान किती, हे टिपलं गेलं. कमी ऑक्सिजनमध्ये उडत्या पट्टकादंबाचे असे आकडे त्याआधी कोणाकडेच नव्हते. यापूर्वीचे बरेच प्रयोग बसलेल्या किंवा ट्रेडमिलवर पळणाऱ्या पक्ष्यांवर झाले होते. पळणं म्हणजे उडणं नव्हे.

मग उत्तर काय निघालं?

साध्या हवेत उडतानाच शरीराचा ऑक्सिजनचा खर्च विश्रांतीच्या सोळा पट होतो. सोळा पट! या खर्चासाठी हृदयाचे ठोके थोडेच वाढतात. खरा भार उचलला जातो तो दर ठोक्यामागे जास्त ऑक्सिजन पोचवून.

आता ऑक्सिजन निम्म्यावर आणला, आणखी खाली नेला. आपल्याला वाटेल हृदय जिवाच्या आकांताने धावायला लागेल. तसं झालं नाही. कमी ऑक्सिजनच्या उड्डाणात ठोके साध्या हवेतल्या उड्डाणापेक्षा वाढलेच नाहीत. म्हणजे हृदयाकडे अजून शिल्लक होती आणि त्याने ती वापरली नाही. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन उड्डाणभर टिकून राहिला, आणि स्नायूंनी आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेतला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पक्ष्याचा एकूण खर्चच कमी झाला. तोच पक्षी, तोच बोगदा, पण विरळ हवेत तो कमी ऑक्सिजनमध्ये उडत होता.

आम्ही लहानपणापासून या पक्ष्याची गोष्ट ऐकली ती अचाट ताकदीची. आकडे सांगतात ती गोष्ट काटकसरीची आहे. दुष्काळाच्या वर्षी घरातली बाई पीठ मापून घेते तसा हा पक्षी ऑक्सिजन मापून घेतो. मला ही गोष्ट पहिलीपेक्षा जास्त मोठी वाटते.

रक्त थंड होतं असं वाचलं, ते काय आहे?

हा शोध सर्वांत अनपेक्षित. उडताना स्नायू तापतात, तेव्हा शरीरभरातून हृदयाकडे परतणारं रक्तही गरम व्हायला हवं. मोजल्यावर दिसलं की उड्डाणादरम्यान ते उलट थंड होत गेलं.

याचा फायदा कळायला हिमोग्लोबिनचा स्वभाव माहीत हवा. ते थंडीत ऑक्सिजन घट्ट धरतं आणि उष्णतेत सैल सोडतं. फुप्फुसाशी थंड रक्त पोचलं तर ते थोड्या ऑक्सिजनमधूनही जास्त भरून घेतं. तेच रक्त तापलेल्या स्नायूंत गेलं की ओझं सहज उतरवतं. म्हणजे भरायच्या ठिकाणी पकड घट्ट, द्यायच्या ठिकाणी हात सैल. हिमालयातली बाहेरची हवा तर बोगद्यातल्यापेक्षा कितीतरी गार असते. तिथे हा फायदा आणखी वाढू शकेल, असं मला वाटतं.

त्याच्या शरीरात जन्मजात असं वेगळं काय असतं?

बरंच काही, आणि त्यातलं पुष्कळसं मीर यांच्या कामाच्या आधीपासून ठाऊक होतं.

पहिली गोष्ट सगळ्या पक्ष्यांची आहे. आपलं फुप्फुस बंद बोळासारखं: हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, आणि शिळी हवा थोडी मागे उरतेच. पक्ष्यांत हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. दुसरी गोष्ट पट्टकादंबाची स्वतःची. मैदानी भागातल्या भाऊबंदांपेक्षा त्याचं फुप्फुस मोठं, आणि ऑक्सिजन घटला की तो उथळ, घाईचे श्वास घेण्याऐवजी खोल श्वास घेतो. त्याच्या उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं जास्त दाट असतं.

आणि हिमोग्लोबिन. त्याच्या साखळीत ११९ व्या जागी ग्रेलॅगमध्ये प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल असतं, पट्टकादंबात ॲलनिन नावाचं. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजनवरची पकड वाढते, असं मॅक्स पेरुत्झ यांनी १९८३ मध्ये सुचवलं. १९९१ मध्ये तोच बदल माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये मुद्दाम करून पाहिला, तेव्हा त्याचीही पकड वाढलेली दिसली. एका अमिनो आम्लाची अदलाबदल! शाळेत जीवशास्त्र शिकवताना उत्क्रांतीसाठी मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

बोगद्यातले आकडे खऱ्या आकाशात लागू पडतात का?

प्रश्न अगदी योग्य आहे. बोगद्यात ऑक्सिजन कमी केला होता, हवेचा दाब नाही. हवा तेवढीच दाट होती. म्हणजे विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो ती अडचण तिथे नव्हती. उड्डाणंही मिनिटांची होती, तासांची नव्हती. म्हणून या प्रयोगाला एक जोडीदार लागतो, आणि तो आहे.

चार्ल्स बिशप आणि सहकाऱ्यांनी मंगोलियातल्या पट्टकादंबांच्या शरीरात नोंदी साठवणारी छोटी यंत्रं बसवून त्यांना सोडून दिलं. सात पक्ष्यांच्या ३९१ तासांच्या नोंदी मिळाल्या, आणि २०१५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. समज असा होता की पक्षी एकदा उंची गाठून ती टिकवत असेल. प्रत्यक्षात ते जमिनीच्या चढउताराला चिकटून उडत होते: दरी आली की खाली, कडा आला की वर. कष्टाने मिळवलेली उंची सोडून द्यायची आणि पुन्हा मिळवायची. हे उधळपट्टीचं वाटतं, पण हिशेब उलटा निघाला. पंखांचा वेग फक्त ५ टक्के वाढला की हृदयाचे ठोके १९ टक्के वाढतात आणि अंदाजे ४१ टक्के जास्त शक्ती लागते. वर, विरळ हवेत पंख जास्त वेगाने मारावे लागतात. त्यापेक्षा दाट हवेत राहून पुन्हा चढणं स्वस्त. सरासरी ठोके मिनिटाला ३२८ होते, आणि हृदय अगदी ताणाखाली असण्याची वेळ फारच थोडी.

बोगद्यातला पक्षी आतून काटकसर करतो, आकाशातला वाट निवडूनही करतो. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवल्यावरच हा पक्षी पुरता समजतो.

निदान वाऱ्याचा आधार तरी घेत असेल ना?

दुपारी डोंगरउतारावरून वर चढणारा वारा त्यांना उचलून नेत असेल, असं पूर्वी वाटायचं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-नोंदींत दिसलं की भारतातून निघालेले पक्षी सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढून एका दिवसात हिमालय पार करतात, आणि तेही रात्री किंवा पहाटे, हवा स्तब्ध असताना. दुपारचा जोरदार वारा ते टाळतात. रात्रीची थंड हवा दाटही असते. स्वॉन यांनी आवाज ऐकला तो रात्रीचाच होता, हे आठवतं तेव्हा बरं वाटतं.

मग सर्वांत उंच उडणारा पक्षी कोणता?

नोंदलेला विक्रम रूपेल गिधाडाचा: १९७३ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आबिजानवर सुमारे ११,३०० मीटरवर एका विमानाशी त्याची धडक झाली. पण गिधाड पंख पसरून तरंगतं. पट्टकादंब सतत पंख मारतो. या दोघांची तुलना म्हणजे शिडाच्या होडीची आणि वल्ह्याच्या होडीची.

पक्ष्यांना असं वापरणं हा छळ नाही का?

मुलं हा प्रश्न मोठ्यांपेक्षा जास्त विचारतात, आणि मी तो टाळत नाही. रक्तवाहिनीत तार बसवायला शस्त्रक्रिया लागते. मास्क लावून सात टक्के ऑक्सिजनमध्ये उडवणं म्हणजे पक्ष्याला कठीण परिस्थितीत नेणं. हे खरं आहे. दुसरीकडे, बोगद्यात उडायला पक्ष्यावर जबरदस्ती करता येत नाही. नको वाटलं की तो पंख मिटून खाली उतरतो, आणि प्रयोग तिथेच थांबतो. वाढवण्यावर इतका वेळ दिला तो याचसाठी.

माझं मत विचाराल तर, ज्या माहितीसाठी पूर्वी पक्षी मारून चिरले जात, ती जिवंत, न घाबरलेल्या पक्ष्याकडून मिळवणं ही मोठी सुधारणा आहे. तरी ज्याला हे पटत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

महाराष्ट्रात येणारे पट्टकादंब तेच का? कधी आणि कुठे दिसतात?

तेच. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. विदर्भातले तलाव, उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी अशा ठिकाणी ते दिसतात. शेजारी कर्नाटकात गदगजवळच्या मागडी तलावावर तर मोठे थवे उतरतात. मंगोलियात शास्त्रज्ञांनी ओळखीसाठी मानेभोवती पट्टा घातलेले पक्षी महाराष्ट्रातही दिसले आहेत.

दिवसा ते पाण्यावर किंवा काठावर विसावतात, आणि संध्याकाळनंतर शेतांत चरायला जातात. हरभरा आणि गव्हाचे कोवळे कोंभ त्यांना आवडतात. शेतकऱ्याचा राग मी समजू शकते. एका थव्याने रात्रीत कोवळं पीक खुडलं की डोळ्यांत पाणी येतं. पाळीवर उभं राहून ‘किती सुंदर’ म्हणणाऱ्यांनी शेतकऱ्याचंही ऐकलं पाहिजे. त्याला उपदेश करण्याआधी तर नक्कीच.

बर्ड फ्लूचा आणि या पक्ष्याचा काय संबंध?

२००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरात एच५एन१ विषाणूने हजारो रानपक्षी मेले, त्यात पट्टकादंब खूप होते. त्यानंतर त्यांच्या मार्गांचा माग काढण्याच्या कामाला वेग आला. उंचीच्या ज्या नोंदी आज आपण वाचतो, त्यातल्या बऱ्याच त्या काळजीतून आल्या. २०२१ च्या सुरुवातीला हिमाचलमधल्या पोंग धरणावरही हाच पक्षी हजारोंनी मेला. म्हणून मेलेला किंवा मान वाकडी करून बसलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. वनविभागाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, आणि मुलांना व कुत्र्यांना लांब ठेवा.

फोटोसाठी थवा उडवला तर काय बिघडतं? ते तर हिमालय पार करतात!

हे मला पाळीवरच ऐकावं लागलं आहे, आणि त्या दिवशी मी रागावले होते. सोळा पट हा आकडा इथे आठवा. विसावलेल्या पक्ष्याला उडायला लावलं की त्याचा खर्च त्या क्षणी सोळा पट होतो. हिवाळाभर चरून तो जी चरबी साठवतो, ती मार्च-एप्रिलमधल्या चढाईसाठी असते. दिवसातून पाच वेळा थवा उठवला तर ती शिदोरी आपण आपल्या तलावावरच संपवतो. अंतर ठेवा. माना ताठ झाल्या, चरणं थांबलं, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. तिथूनच मागे फिरा.

मानेत रंगीत पट्टा असलेला पक्षी दिसला तर काय करायचं?

आधी पट्ट्याचा रंग लिहा, मग त्यावरची अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे. तारीख, वेळ, तलावाचं नाव, थव्यात किती पक्षी होते तेही टिपा. लांबून मिळाला तर फोटो घ्या, अंधुक असला तरी चालेल. मग ही नोंद जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात, पक्षिमित्रांच्या गटाकडे किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवा. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकता येते. आमच्याकडच्या सातवीतल्या एका मुलीने गेल्या हिवाळ्यात एक पट्टा वाचायचा ध्यास घेतला होता. पक्षी मान पंखात घालून बसलेला, आणि ही थंडीत दीड तास दुर्बिणीला डोळा लावून. शेवटी त्याने मान वर काढली तेव्हा तिने दोनच अक्षरं वाचली, आणि वहीत तेवढीच लिहिली. तिसरं अक्षर नीट दिसलं नव्हतं, म्हणून तिथे तिने रिकामी जागा सोडली.